मागितलेले हात

रविवारच्या उपासनेत शिंपीबुवा साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा बायकोनं सदऱ्याचं टोक ओढून बजावलं, "अहो, थोडक्यात आटपा." पण आशीर्वाद मिळालेल्या माणसाला थोडक्यात कुठं जमतं? देवानं शाळेचे साठ गणवेश पदरात टाकले, शुक्रवारपर्यंत द्यायचेत, झोप उडालीय, असं सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. वर म्हणाले, "हात अपुरे पडताहेत. प्रार्थना करा."

मंडळी प्रार्थना शिळी होऊ देत नाही. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं मागितलं, "प्रभो, याला हात दे." सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाला तो शिंपीबुवांच्या समोरच्या दुकानातला शिंपी. त्याचं मशीन दीड महिना झाकलेलंच होतं.

सोमवारी सकाळी तो कात्री घेऊन दारात हजर. "काल हात मागितलेस ना? हे घे दोन."

शिंपीबुवा दारातच आडवे उभे राहिले. काम वाटून द्यायला त्यांची ना नव्हती. पण या गड्याची कॉलर अशी काही बसायची, की शाळेच्या बाईंनी एकदा पाहिली तर पुढच्या वर्षीचं काम सरळ रस्ता ओलांडून जाणार!

"तू काजं कर," ते म्हणाले.

"साठ शर्टांची? अरे, म्हातारा होईन की मी!"

आतून बायको म्हणाली, "कॉलरी द्या भावजींना. तुमच्या कॉलरी मान वळवली की कान चावतात."

झालं! कॉलरी गेल्या.

शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाईंनी गठ्ठा सोडला. वरचा शर्ट उचलून कॉलरीवरून बोट फिरवलं. "वा! तुमचंच काम?"

'हो' अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. बाईंना कोण सांगायला येणार होतं? पण हात मागितले होते ते चारचौघांत, आणि देवानं दिले होते ते बिनबोभाट. आता ते लपवायचे म्हणजे देणाऱ्यालाच खोटं पाडायचं.

"कॉलरी आमच्या समोरच्यानं केल्यात," ते एका दमात म्हणाले. "हाताला सफाई आहे त्याच्या. पुढच्या वर्षी त्यालाही विचारा."

"पत्ता लिहून द्या," बाईंनी कागद पुढं सरकवला.

शिंपीबुवांनी पत्ता लिहिला. पुरता, वळणदार अक्षरात, एक काना इकडचा तिकडं न करता. फक्त खाली खूण म्हणून दोनदा गिरवून ठेवलं: 'आमच्या दुकानासमोर. आमचं आधी लागतं.'