मी पेन ड्राइव्ह नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना, बंद पडलेला व्हेप आहे. व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट. माझ्यात आता बॅटरी उरलेली नाही, रस उरलेला नाही, आणि सांगायला आनंद होतो की मला दुरुस्त करण्याचा कुणाचाही विचार नाही. सध्या माझा मुक्काम बंगळुरात, बनशंकरीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात, टेबलावरच्या काचेच्या बरणीत आहे. बरणीत पूर्वी लिंबाचं लोणचं होतं. वास अजून येतो. चालायचंच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मी देखणा दिसावा म्हणून तिथे फार मेहनत घेतली गेली. एक टोक युएसबीचं, अंगाला निळा रंग, पोटात आंब्याच्या वासाचा रस. त्या रसात निकोटीन होतं, म्हणजे तंबाखूतली जी चीज माणसाला सोडत नाही, तीच. आंब्याला विचारून त्याचं नाव लावलं असेल असं मला वाटत नाही.

मी जन्मापासून बेकायदेशीर आहे. भारतात २०१९ सालापासून मला बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, साठवणं, माझी जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. विचार करा, माझ्यासाठी संसदेने एक अख्खा कायदा केला. पेन्सिलीसाठी केलाय का? कंपासपेटीसाठी? त्यामुळे सुरुवातीला मला थोडी घमेंड होती. खेळण्यातल्या डायनासोरांच्या खोक्यात लपून मी बंगळुरात आलो. डायनासोरांनी प्रवासभर तोंड उघडं ठेवलं, पण कुणाला काही सांगितलं नाही.

बेळ्ळंदूरला एका कॉलेजजवळ झेरॉक्स, रिचार्ज आणि चिप्सचं दुकान होतं. तिथे मला चिप्सच्या माळेमागे ठेवलं. दुकानात पाटी होती: एकवीस वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकली जात नाही. पाटी खरं बोलत होती. तंबाखू विकली जात नव्हती. मी विकला जात होतो.

मला घेऊन गेला मल्हार. वय सतरा, बारावीचं वर्ष, नाकावर चष्मा, स्वभाव गरीब. त्याच्या वर्गातल्या सुशांतने त्याला सांगितलं होतं, "ओढून तर बघ यार, नुसता आंबा आहे." मल्हारचे आईवडील नागपूरहून नोकरीसाठी इथे आलेले. वर्गात याला नीट कन्नड येईना, हिंदी बोलला की नागपूरचा म्हणून हसायचे. माझ्यामुळे त्याला चार मित्र मिळाले. ते माझं फार कौतुक करत. काय रंग, काय वास, काय धूर! एखाद्या वस्तूला आयुष्यात आणखी काय हवं असतं?

पण हळूहळू मी सकाळी दात घासण्याआधी लागू लागलो. मग कॉलेजच्या बसआधी. मग दोन तासांच्या मधे. गणिताच्या सराव परीक्षेत मल्हारने अर्ध्या पेपरात हात वर केला, बाथरूमला जायची परवानगी मागितली, आणि मला घेऊन आत बसला. बाहेर आला तेव्हा वेळ संपत आली होती. शेवटचं गणित त्याला येत होतं, तरी ते कोरंच राहिलं. त्या दिवशी तो माझ्याकडे बघत राहिला. कौतुकाने नाही. घाबरून. आपण याला ओढतोय की हा आपल्याला, हे त्याला कळेना.

आता त्याचे बाबा, उल्हासराव. बेळ्ळंदूरच्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एका रविवारी पेन शोधताना त्यांना मल्हारच्या कंपासपेटीत मी सापडलो.

"हे काय आहे बे?"

मल्हारने कंपासपेटी बंद केली. "पेन ड्राइव्ह. फिजिक्सचं प्रोजेक्ट आहे त्याच्यात. पण बाबा, तो बिघडलाय. उघडत नाही."

एवढं बोलून प्रकरण मिटेल असं त्याला वाटलं. पण हा माणूस आयटीतला होता. बिघडलेला पेन ड्राइव्ह बघून त्यांचे डोळे भरून आले. मल्हार झोपेतून उठायच्या आत, सोमवारी सकाळी त्यांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं. पोराला सरप्राइज द्यायचं होतं.

खिशात माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली एक पुडी होती. आमची ओळख नव्हती, पण वासावरून लांबचे नातेवाईक असावेत असं वाटलं.

ऑफिसात अनोळखी वस्तू लॅपटॉपला लावायची नाही, हा नियम उल्हासरावांनीच केला होता. म्हणून त्यांनी रीतसर तक्रार नोंदवली आणि मला हार्डवेअरच्या नागराजकडे नेलं. नागराज निपाणीचा. मराठी घरची, कन्नड शाळेची, दोन्ही भाषांत सारखाच गंभीर.

"सर, लाइट लागतोय, पण कायबी दिसंना."

"करप्ट झाला असेल."

"करप्ट व्हायला आधी डेटा असावा लागतोय की सर."

"नागराज, पोराचं प्रोजेक्ट आहे. महिनाभर दार लावून बसून राहिला तो त्याच्यासाठी. काहीतरी कर ना बाप्पा."

नागराजने मला दुसऱ्या मशीनला लावलं, मग तिसऱ्या. उल्हासराव त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. शेवटी सगळं शिक्षण संपल्यावर हार्डवेअरचा माणूस जे करतो, ते नागराजने केलं. माझ्या युएसबीच्या टोकात जोरात फुंकर मारली. माझ्या दुसऱ्या टोकातून आंब्याच्या वासाचा एक पांढरा ढग निघाला आणि उल्हासरावांच्या चष्म्यावर बसला.

पलीकडच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "अरे, आमरस कौन लाया?"

नागराज हळूच म्हणाला, "सर, ह्यात डेटा न्हाई. ह्यात आंबा हाय."

"आंब्याची फाइल कशी काय..." उल्हासराव म्हणाले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मी तोच होतो.

"तक्रार बंद करतो सर," नागराज खाली मान घालून म्हणाला. "काय लिहू?"

"लिही," उल्हासराव म्हणाले, "माहिती मिळाली."

ऑफिसपासून घर चालत अर्ध्या तासावर. गाडीने किती, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. फाटकातून निघताना मल्हारच्या कानाखाली बसणार होती, हे मी खिशातून ऐकलं. उल्हासराव मोठ्याने बोलत होते. पहिल्या सिग्नलला मल्हारची रवानगी नागपूरला काकांकडे झाली. तळ्याजवळ गाडी हलेचना, तेव्हा त्यांना काकांचा मुलगा कसा निघाला ते आठवलं आणि रवानगी रद्द झाली. पुढच्या सिग्नलला ते गप्प झाले. पोरगं महिनाभर दार लावून बसलं, आणि आपण त्याला अभ्यास समजून चार लोकांत मिरवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकला सगळे शिव्या देतात. मल्हारसाठी तो देवासारखा धावून आला. म्हणजे धावला नाही, हेच त्याचे उपकार.

घरी मल्हारने स्वतःची खोली उलटीपालटी केली होती. आई संध्याताई दारात उभ्या. "अरे, काय शोधून राहिला सकाळपासून? कॉलेजलाही गेला नाहीस."

उल्हासरावांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "प्रोजेक्ट सापडलं."

संध्याताईंनी मला उचललं, वास घेतला. "छान आहे. गाडीत लावायचं आहे का?"

मित्रांनो, इथे मल्हारला खोटं बोलायची आयती संधी होती. आई स्वतःहून देत होती. त्याने घेतली नाही.

"सिगारेट आहे, आई. माझी आहे." मग बाकीचंही सांगून टाकलं. "सोडायला बघतो गं, पण होत नाही. कचऱ्यात टाकला होता. मग खाली जाऊन पूर्ण डबा उपसला आणि परत आणला."

"कोणता डबा?" संध्याताईंनी विचारलं.

"ओल्या कचऱ्याचा."

बॅटरीची वस्तू ओल्या कचऱ्यात! सोसायटीत हा माझ्यापेक्षा मोठा गुन्हा होता. पण तो विषय संध्याताईंनी तिथेच सोडला. त्यांनी मल्हारला जवळ ओढलं. तो त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता, तरी मावला.

"मला नागपूरला पाठवणार ना?" तो खांद्यात तोंड खुपसून म्हणाला.

"पाठवलं होतं," उल्हासराव म्हणाले. "तळ्याजवळून परत बोलावलं."

संध्याताईंनी मोबाइलवर शोधून एक नंबर लावला: १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारा हा सरकारी फोन फुकट आहे. सिगारेटच्या पाकिटांवर तो छापलेला असतो. माझ्या पाकिटावर नव्हता, कारण कायद्याने मी अस्तित्वातच नव्हतो. फोनवरच्या बाईंनी मल्हारशी शांतपणे बोलून घेतलं आणि जवळच्या केंद्रात समोरासमोर भेटायलाही सुचवलं. असे आम्ही सगळे बनशंकरीला आलो. मी पुन्हा त्याच खिशात, त्याच नातेवाइकाशेजारी.

केंद्रात डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या वारी येत. बाकी सगळं बघायच्या समुपदेशक धनलक्ष्मी. बेळगावकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, डॉक्टरसुद्धा.

"बस की बाळा. आधी स्वल्प पाणी घे."

मल्हार खुर्चीच्या टोकावर बसला. "तुम्ही पोलिसांना सांगाल?"

"पोलीस विकणाऱ्याच्या मागं. तू माझ्याकडं. वाटणी झालीय आमची. सांग आता, कधी ओढू वाटतंय?"

मल्हार सांगू लागला. सकाळचं सांगितलं, बसचं सांगितलं, आणि कोऱ्या राहिलेल्या गणितापाशी अडला. अक्कांनी ना मान हलवली, ना त्या चुकचुकल्या. "तलफ आली की बस आली असं समज," त्या म्हणाल्या. "स्टॉपवर बस आली म्हणून चढायलाच पाहिजे असं कुठं हाय? आनेकलची आली, जाऊ दे. तुला कुठं आनेकलला जायचंय? थोड्या वेळात जाते ती. तवर पाणी पी, चाल, कुणाला तरी फोन कर."

"आणि परत आली तर?"

"येणारच. बसच हाय ती."

उल्हासरावांनी मला अक्कांच्या टेबलावर ठेवलं. अक्कांनी रिकामी बरणी पुढे सरकवली. इथली रीतच अशी होती की जे असेल ते ज्याचं त्याने बरणीत टाकायचं, दुसऱ्याने हिसकावून घ्यायचं नाही. मल्हारने मला उचललं. बरणीच्या तोंडापर्यंत नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. मग मी बरणीच्या तळाला टण्णकन आदळलो.

"सरी, ठीक झालं," अक्का म्हणाल्या. "आता पप्पांचा खिसा."

"माझा?"

"वास येतोय की."

उल्हासरावांनी पुडी बाहेर काढली. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला खर्रा. नागपूरहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर दत्ता नावाचे त्यांचे मित्र तो पाठवत. घरात फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे, त्याला स्वतंत्र जागा होती.

"मॅडम, हे व्यसन नाही," उल्हासराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "हे नागपूर आहे."

"असू दे. किती वेळा लागतंय नागपूर?"

उल्हासराव पुडीची पन्नी घट्ट करू लागले. मल्हार त्यांच्याकडे बघत होता. त्या बघण्यात टोमणा नव्हता, हेच त्यांना जड गेलं असणार. पुडी हातातल्या हातात फिरली आणि त्या दिवशी तरी खिशात परत गेली.

पुढचं सगळं मी बरणीतून पाहिलं. मल्हार दर आठवड्याला यायचा. सुरुवातीला चिडका, झोप न झालेला. एकदा आला तो दारातच म्हणाला, "अक्का, सुशांतचा ओढला. दोनदा." अक्का म्हणाल्या, "ओढलास ते वाईट. सांगायला आलास ते भारी. बस." आणि पुन्हा पाण्याचा ग्लास. मग त्याने बॅडमिंटन लावलं. मग सुशांतलाच एकदा घेऊन आला. सुशांत बाहेरच्या बाकावर बसून म्हणत होता, "मी फक्त सोबत आलोय हं." अक्कांनी त्यालाही पाणी दिलं. त्यांच्याकडे सगळ्याची सुरुवात पाण्याने होते.

यात माझं काय झालं? माझ्यावर धूळ बसली. माझा रस आटला. मल्हार टेबलाशी बसून हसायचा, बोलायचा, पेपर कसे गेले ते सांगायचा, आणि बरणीकडे त्याची नजरही जायची नाही. दुसरी एखादी वस्तू अशा वेळी रडली असती. मला तर वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी कामी येत होतो.

परवा मल्हार आला, पण त्याची पाळी नव्हती. त्याचं येणं आता महिन्याने एकदाच ठरलं आहे. तो बाहेरच्या बाकावर बसला. आत उल्हासराव होते. अखेर त्यांनी स्वतःची वेळ घेतली होती. पुडी टेबलावर होती, बोटं पुडीवर, आणि ती काही उचलली जात नव्हती. अक्का घाई करत नव्हत्या.

दार किलकिलं करून मल्हारने डोकं आत घातलं.

"बाबा, मी बाहेरच आहे. सावकाश होऊ द्या."

उल्हासरावांनी मान हलवली. मग माझी बरणी उघडली, आणि पुडी माझ्या शेजारी येऊन पडली.

लवकरच ई-कचऱ्याची गाडी येईल. पुडीची वाट वेगळी, माझी वेगळी. मला फोडतील, माझं तांबं काढतील, आणि कदाचित त्याची एखादी साधी वायर होईल, कायदेशीर. मला ते फार आवडेल.

मित्रांनो, जगातल्या सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आमची धूळ पुसा, आम्हाला विसरू नका. माझी विनंती उलटी आहे. माझ्यावर धूळ बसू द्या. मला विसरून जा. आणि विसरणं जमत नसेल, तर लाजू नका, घरात सांगा, फोन लावा, कुणाच्या तरी समोर बसा. मला एकट्याने विसरणं फार अवघड असतं. दोघांतिघांनी मिळून विसरलं, की जमतं.