उजवीकडून शिवलेले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. मला हातात घ्याल तर आधी तुमचा हात चुकेल. मराठी पुस्तकाची शिवण डावीकडे असते. माझी उजवीकडे आहे. सवयीने उघडायला जाल तर पुठ्ठा हलणार नाही. मग तुम्ही मला पालथे कराल. समोर एक कोरी बाजू येईल. ती उलटलीत की माझे शेवटचे पान दिसेल, आणि गोष्ट संपते तिथूनच तुमची सुरुवात होईल.

माझे बावीसही कागद एकाच अंगाने छापलेले आहेत. पाठ कोरी. म्हणून माझी हकिकतही मी तशीच सांगते: थोडी छापील, थोडी कोरी.

छापील

माझे नाव ‘कमूच्या गोठी’. गोठ म्हणजे गोष्ट. ह्या गोठी दाभोशाच्या फागीच्या. १९७९ साली जव्हार तालुक्यातल्या दाभोशात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला चंद्रकलाबाई होत्या, शेतकऱ्याच्या घरातून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. फागीचे वय तेव्हा पन्नाशीला आले होते. भात झोडून झाले की ती पाटी घेऊन येई आणि शेवटच्या रांगेत बसे. तक्त्यावरचे ‘बदक’ आणि ‘यज्ञ’ वाचताना तिला हमखास जांभई येई. बाईंनी विचारले तर म्हणे, बदक मी पाहिलं नाय, यज्ञाला मना कोण बोलावणार.

एके दिवशी बाईंनी तक्ता गुंडाळून ठेवला आणि म्हणाल्या, तूच काहीतरी सांग. फागीने कोल्ह्याची आणि खेकड्याची गोठ सांगितली. बाईंनी ती जशीच्या तशी फळ्यावर लिहिली. फागी उठून फळ्याजवळ गेली. आपल्या तोंडचे शब्द भिंतीवर उभे आहेत आणि पळून जात नाहीत, हे ती बराच वेळ बघत राहिली. त्या दिवसानंतर तिचा वर्ग चुकला नाही. तीन महिन्यांत अकरा गोठी झाल्या आणि फागीला अक्षरही आले.

जव्हारला पुस्तकांची जत्रा भरायची होती. गावोगावचे नवे वाचणारे येणार होते आणि ‘आपले लेखक’ अशा फलकाखाली तालुक्यातली लिहिणारी माणसे बसणार होती. चंद्रकलाबाईंनी फागीचे नाव दिले. फागीने एकच गोष्ट मागितली. शेवटचे पान ती स्वतः लिहिणार, आणि जत्रेत लोकांसमोर तेवढे एकच पान वाचणार.

प्रती काढायच्या सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर तिने लोखंडी लेखणीने ते पान लिहिले. ‘कमू’ लिहिताना हात इतका दाबला गेला की कागद फाटला. माझ्या शंभर प्रती निघाल्या, सगळ्यांत त्या जागी शाईचा वाटोळा डाग पडला.

कोरी

कमू फागीची लेक. सात वर्षांची होती. ताप उतरेना म्हणून तिला झोळीत घालून जव्हारकडे निघाले होते. झोळी अर्ध्या वाटेवरून परत फिरली. पुढे जायला कारण उरले नव्हते.

हे माझ्यात कुठेही छापलेले नाही.

छापील

छापलेले कागद बांधायला मुनाफभाईंकडे आले. जव्हारच्या बाजारात त्यांचे छोटे दुकान होते: पुठ्ठे, कातर, दाभण, खळीचा डबा. खळीत ते मोरचूद घालत. कीड लागत नाही, म्हणत. व्यापाऱ्यांच्या वह्या, कचेरीच्या फायली आणि मदरशातली उर्दू पुस्तके ते बांधत. मराठी ते तुमच्याआमच्यासारखे बोलत, पण वाचता येत नव्हते. त्यांना वाचता येई ती उर्दू, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, पुस्तकही उजवीकडे शिवतात.

मराठी चौथीपर्यंत शिकली होती त्यांची बायको, बानू. मराठी काम आले की बानू गठ्ठ्यातला वरचा कागद वाचून बघे आणि जिथे शिवायचे त्या कडेला निळ्या पेन्सिलीची एक रेघ ओढे. मुनाफभाई रेघ बघत आणि दाभण रोवत. सव्वीस वर्षे हेच चालले होते. ह्याबद्दल कधी बोलणेही होत नसे, आणि रेघ कुठल्या कडेला येते हे मुनाफभाईंनी कधी लक्षात ठेवले नाही.

कोरी

माझ्या गठ्ठ्यावर निळी रेघ नव्हती.

बानू गेल्याचा चाळिसावा दिवस चार दिवसांपूर्वी झाला होता. दुकान उघडल्यानंतरचे पहिले काम मी. मुनाफभाईंनी वरचा कागद उजेडाकडे धरला, डावी कड बघितली, उजवी बघितली. रेघ नव्हती. चंद्रकलाबाईंना विचारून यावे, हे त्यांना सुचले नाही. ज्याला सव्वीस वर्षे विचारावे लागलेच नाही, त्याला कसे सुचावे? मग बापाने लहानपणी शिकवले होते ते हातांनी केले. उजव्या कडेला तीन भोके, तीन टाके, वर खळ, वर पुठ्ठा. शंभर प्रती.

टाका मात्र सुरेख होता. आजही बघा.

छापील

जत्रा शाळेच्या पटांगणात होती. ताडपत्रीखाली पुस्तकांची टेबले होती आणि एका बाजूला ‘आपले लेखक’. तीन खुर्च्या. एकीवर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्यापुढे त्यांचा कवितासंग्रह. दुसरीवर गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर, त्यांनी शेळ्यांच्या आजारांवर पुस्तिका लिहिली होती. तिसरीवर फागी. पहिल्या जीपने ती आली होती, धुतलेले लुगडे नेसून. खुर्चीत ती पुढच्या कडेवर बसली होती, मागे टेकली नव्हती. कंपाउंडर तिला म्हणाले, मावशी, टेका की, खुर्ची सरकारी आहे, मोडली तर आपलं काही जात नाही. ती हसली, पण टेकली नाही. ओठांत ती आपले पान म्हणून बघत होती.

मुनाफभाईंनी आमचे गठ्ठे सायकलवरून आणले. जत्रेची व्यवस्था बघणारे साहेब जवळच उभे होते. त्यांनी वरची प्रत उचलली. सवयीने उघडली, उघडेना. पालथी केली. कोरी बाजू आली.

“बाई, हे काय?” साहेब म्हणाले. “मराठी शिकवलंत की उर्दू?”

आजूबाजूचे हसले. चंद्रकलाबाईंनी दुसरी प्रत घेतली, तिसरी घेतली. सगळ्या तशाच. मुनाफभाईंना आधी काही कळले नाही. मग मुख्याध्यापकांचा कवितासंग्रह टेबलावर होता तो त्यांनी उचलला आणि माझ्याशेजारी धरला. एक शिवण इकडे, एक तिकडे. त्यांनी तो संग्रह हळूच जागेवर ठेवला.

साहेबांचे म्हणणे असे की जिल्ह्याहून पाहुणे अकराला येणार आहेत, साक्षरतेच्या जत्रेत उलटे पुस्तक त्यांच्या हातात देऊन चालायचे नाही. गठ्ठे आत न्या, ह्यांचा कार्यक्रम पुढच्या वर्षी करू.

फागीने एक प्रत उघडली. तिला उघडता आली. आयुष्यात तिने दोनच पुस्तके उघडली होती, तिचा हात अजून कुठल्या बाजूचा झाला नव्हता. “वाचता येतंय की,” ती म्हणाली.

साहेब चंद्रकलाबाईंशी बोलत होते. त्यांनी ऐकले नाही.

तेव्हा मुनाफभाई पुढे झाले. “साहेब, गलती माझी आहे. त्या बायची नाय. दोन तास द्या, सगळे सरळ करतो.”

साहेब घड्याळ बघून म्हणाले, बघा जमतं का.

छापील

शाळेच्या मागे आंब्याखाली मुनाफभाईंनी गोणपाट अंथरले. टाका कापायचा, कागद सोडवायचे, डाव्या कडेला भोके पाडायची, पुन्हा शिवायचे, खळ लावायची. एकटा माणूस, शंभर प्रती. चंद्रकलाबाईंना पाहुण्यांच्या स्वागताला उभे केले होते. फागी खुर्चीतून उठली आणि गोणपाटावर येऊन बसली.

मुनाफभाई म्हणाले, तुम्ही तिकडं बसा, तुम्ही लेखक आहात. ती म्हणाली, लेखकाचं पुस्तक इकडं आहे. मग त्यांच्याकडची निळी पेन्सिल तिने घेतली, गठ्ठ्यातला वरचा कागद वाचून बघितला आणि डाव्या कडेला एक रेघ ओढली.

मुनाफभाईंनी त्या रेघेकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग दाभण रोवले.

पाहुणे आले. पुढच्या बाजूला टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी एक कविता म्हणायची ठरली होती, त्यांनी चार म्हटल्या. कंपाउंडरनी शेळीच्या फुगलेल्या पोटावर भाषण केले, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. कर्ण्यावरून ते सगळे आंब्याखाली ऐकू येत होते. तेव्हा एकतिसावी प्रत हातात होती. फागीचे नाव कर्ण्यावर आले नाही. पाहुण्यांची जीप गेली तेही ऐकू आले.

फागीचा हात रेघ ओढता ओढता थांबला, आणि पुन्हा चालू लागला.

थोड्या वेळाने मुनाफभाई म्हणाले, “बाय, एवढं शिवलं. आत काय लिवलंय ते मला माहीत नाय.”

फागीने हातातले काम खाली ठेवले. उरलेल्यांतली एक प्रत घेतली. ती मी. तिने माझे शेवटचे पान काढले, पदर नीट केला आणि बोट ठेवून वाचले. लोकांसमोर वाचायचे म्हणून ठरवले होते तसेच, मोठ्याने, प्रत्येक शब्दावर थांबत:

“मी फागी. दाभोशाची. कमू माझी लेक होती. ह्या गोठी तिच्या. ती नाही. तुम्ही घ्या.”

ऐकायला एकच माणूस होता. त्याचे दाभण हातात तसेच राहिले. मग मुनाफभाई खाली वाकले आणि टाका शोधू लागले. टाका समोरच होता.

“अजून एकदा वाच,” ते म्हणाले.

तिने वाचले. दुपार कलेपर्यंत तिने ते पान सहा-सात वेळा वाचले असेल.

नव्व्याण्णव प्रती सरळ झाल्या तेव्हा ताडपत्री सोडत होते. खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. मुनाफभाईंनी माझा टाका कापायला कातर घेतली. फागीने माझ्यावर हात ठेवला. हे राहू दे, ती म्हणाली, हे मी वाचलंय.

कोरी

पुढच्या वर्षी जत्रा झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

छापील (फाटके)

माझी सरळ भावंडे एका सरकारी खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली गेली. पुढच्या जत्रेसाठी. पाच पावसाळ्यांनी कपाट उघडले तेव्हा वाळवीने सगळी पाने खाल्ली होती. मोरचुदाची खळ लागली होती तेवढ्या शिवणी तिने सोडल्या. नव्व्याण्णव शिवणी, डावीकडच्या, बिनचूक. पाने नव्हती. चंद्रकलाबाईंनी त्या ओंजळीत घेतल्या आणि कुठे ठेवाव्यात ते न कळून पुन्हा कपाटात ठेवल्या.

मी मात्र दाभोशाला होते. फागीने मला चुलीवरच्या माळ्यावर, नागलीच्या बियाण्याशेजारी ठेवले होते. धुराने मी काळी पडले, पण धुरात कीड येत नाही. बियाणे काढायच्या वेळी ती मलाही काढी. पाड्यावरची पोरे जमत, कोल्हा आणि खेकडा मागत. शेवटचे पान ती पोरांना वाचून दाखवत नसे. ते ती एकटी वाची. माझी चार पाने पोरांच्या हातांत फाटून गेली, दोन पेज सांडून कुजली. त्याचे मला काही वाटत नाही. ती पाने वापरून गेली.

१९८७च्या श्रावणात फागी गेली. पुढच्या पेरणीला बियाणे सुनेने काढले. सुकरी तिचे नाव. तिला वाचता येत नव्हते. तिने मला झटकले आणि पुन्हा माळ्यावर ठेवले.

छापील

वर्षभराने चंद्रकलाबाई भेटायला आल्या. त्यांचे केस पिकले होते. सुकरीने मला काढून दिले. बाईंनी ठरवले की मला नीट बांधून घ्यायचे, शाळेत ठेवायचे. त्या मला घेऊन जव्हारला मुनाफभाईंकडे आल्या.

मुनाफभाईंच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला होता. काम फारसे येत नव्हते. बाई म्हणाल्या, एवढं एक सरळ शिवून द्या. त्यांनी मला हातात घेतले आणि अंगठा कडेवरून फिरवला. अंगठा टाक्यांवर थांबला.

त्यांनी मला उघडले. पाने डोळ्यांजवळ नेऊन ते एक एक सारत गेले. शेवटच्या पानावर शाईचा वाटोळा डाग दिसला तसे थांबले. मग त्यांनी पानावर बोट ठेवले आणि म्हणू लागले:

“मी फागी. दाभोशाची. कमू माझी लेक होती. ह्या गोठी तिच्या.”

शब्द एकही चुकला नाही. बोट मात्र उजवीकडून डावीकडे चालले होते.

चंद्रकलाबाई शिक्षिका. आयुष्यभर त्यांनी बोटे धरून वळवली होती. त्यांचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला.

“ती नाही,” मुनाफभाई म्हणाले. “तुम्ही घ्या.”

आणि मला न शिवताच त्यांनी बाईंच्या हातात दिले.

कोरी

मित्रांनो, आता मी शाळेच्या फळीवर आहे. सोळा पाने उरली आहेत. कुणी मला उचलते, उघडत नाही म्हणून परत ठेवते. मला सरळ करू नका, आणि कपाटात तर मुळीच जपू नका. तुमच्या हातून एखादे पान फाटले तरी चालेल. फक्त शेवटचे पान काढाल तेव्हा ते मोठ्याने वाचा. समोर एकच माणूस असला तरी वाचा. तो म्हणाला, अजून एकदा, तर पुन्हा वाचा.