राजा पुढे गेला असता तर

बाबांनी आयुष्यात शेकड्यांनी डाव जिंकले, पण त्यांचं नाव राहिलं ते एका हरलेल्या डावामुळे. लेकीच्या जन्माआधीची गोष्ट. अजिंक्यपदाच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती आणि समोर वकीलकाका बसले होते. काकांनी आधी घोडा बळी दिला, मग हत्ती दिला, आणि प्याद्यांच्या आडोशाला निवांत बसलेला बाबांचा राजा मानगूट धरून ओढावा तसा पटाच्या मधोमध आणला. मग शहावर शह देत त्याला पळवलं आणि कडेला गाठून मात केली. तो डाव पुस्तकांत छापून आला. उघड्यावर पडलेल्या राजावर हल्ला कसा करावा हे शिकवायचं झालं, की अजूनही तोच दाखवतात. आई म्हणायची, "लोकांचे नवरे जिंकून नाव काढतात, माझ्याने हरून काढलं."

बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढता काढता त्यांची उमर गेली. तिथे कुणी त्यांना ओळखत नव्हतं, पण बुद्धिबळाच्या कुठल्याही सभागृहात गेले की लोक उठून खुर्ची देत. कुणी विचारलं तर ते स्वतःच पट मांडून तो डाव दाखवत आणि शेवटी म्हणत, की इथून सुटका नव्हतीच, माझ्या जागी कुणीही असता तरी मेलाच असता. हे सांगताना त्यांचा चेहरा शांत असे. ज्याने हरवलं त्याच्याशीच त्यांची जन्माची दोस्ती जमली होती. दर रविवारी सकाळी वकीलकाका यायचे, बाबांशी खेळायचे, भांडायचे आणि जेवूनच जायचे.

लेक क्रीडासंकुलात बुद्धिबळ शिकवायची. त्या हिवाळ्यात मोठ्या वर्गाला हा डाव दाखवायचा म्हणून तिने तो प्रथमच संगणकात घातला. बाबांनी राजा मागे घेतला होता त्या खेळीवर यंत्र अडलं. राजा पुढे न्या, असं ते म्हणत होतं. पुढे, म्हणजे काकांचा वजीर आणि उंट यांच्या मधल्या रिकाम्या घरात, साक्षात वाघाच्या जबड्यात. तिला वाटलं, यंत्राचं डोकं फिरलं. पण दुपारभर ती पुढच्या खेळ्यांचा एकेक फाटा तपासत बसली आणि दर वेळी तेच निघालं. राजा त्या घरात गेला की काकांचे शह संपतात. घोडा आणि हत्ती आधीच देऊन बसलेल्या काकांच्या हाती मग धुपाटणंच उरतं. डाव बाबांनी जिंकला असता.

ती जवळजवळ धावतच घरी आली. बाबांना केवढा आनंद होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने पट मांडला, राजा उचलून पुढच्या घरात ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खूप वेळाने त्यांनी राजा हळूच मागच्या घरात नेऊन ठेवला आणि उठून आत गेले.

त्या आठवड्यात ते कुणाशी धड बोलले नाहीत. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. आईने विचारलं तर म्हणाले, काही नाही, अपचन झालंय. आई लेकीला म्हणाली, "नक्की काय दाखवलंस गं त्यांना?"

रविवारी वकीलकाका आले तेव्हा पटावर जुन्या डावातली तीच स्थिती मांडलेली होती. काका हसले. मेलेल्याला पुन्हा कशाला मारायला लावतोस, म्हणाले. बाबांनी राजा पुढे सरकवला. काकांनी उभ्याउभ्याच एक शह दिला, दुसरा दिला, मग खुर्ची ओढून बसले. काकांनी खेळ्या मागे घेतल्या, दुसऱ्या करून पाहिल्या, तिसऱ्या करून पाहिल्या. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी स्वतःचा राजा आडवा केला.

"कधी सापडलं तुला?"

"मला नाही. हिला."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाईट निदान सांगणाऱ्या डॉक्टरकडे पाहावं तसं. "या एका डावाच्या जिवावर मी धीट माणूस म्हणून मिरवलो," ते म्हणाले, आणि जेवायला न थांबता निघून गेले.

ती कसंबसं म्हणाली, "जिंकलात, बाबा."

"इतकी वर्षं सांगत आलो, सुटका नव्हती म्हणून," बाबा पटाकडे बघत म्हणाले. "होती. मीच घाबरून मागे पळालो. तू सांगितलंस ते चुकलं असं नाही गं. पण आता या वयात हे ठेवू कुठे?"

पुढचे काही रविवार काका आले नाहीत. शेवटी लेकच त्यांच्या घरी गेली. ती काय बोलली, ते कसे तयार झाले, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते आले. दोघं पूर्वीसारखे समोरासमोर बसले. काका आता जपून खेळत होते, प्रत्येक प्यादं तोलून मापून. बाबांनी मात्र आपल्या राजापुढची प्यादी एकामागून एक पुढे ढकलली. राजा भर चौकात उघडा पडला. नवशिकाही करणार नाही अशी ती चूक होती. काकांनी घोडा बळी दिला की हल्ला उभा राहतो, हे दारात उभ्या असलेल्या लेकीला तिथूनही दिसत होतं.

काकांचा हात घोड्यापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि वजिराच्या बदल्यात वजीर घेऊन डाव थंड केला. "बरोबरी घेऊ या?" त्यांनी विचारलं. बाबा हो म्हणाले.

काकांना फाटकापर्यंत सोडून बाबा परत आले तेव्हा लेक सोंगट्या गोळा करत होती.

"होता ना तिथे घोडा द्यायला?" त्यांनी विचारलं.

"होता."

"त्यालाही दिसला होता," बाबा म्हणाले, आणि रिकाम्या पटासमोर बसून राहिले.