लडकूशेठच्या कातडीखालचा रस्ता

वडप्याजवळच्या एका गावात लडकू पाटील राहतात. जमिनी गोदामांना दिल्यापासून लोक त्यांना लडकूशेठ म्हणतात. यंदा बंगला बांधून झाला होता, आता सरपंच व्हायचं राहिलं होतं. ऐन निवडणुकीत डाव्या हातावर लाल चट्टा उठला आणि खाज काही थांबेना, म्हणून ते नारपोलीला डॉक्टर बुशरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी नवीन यंत्र पुढे ओढलं. शेठनी हात मागे घेतला.

"सुई मारनार काय?"

"सुई नाही, काही नाही. नुसता उजेड टाकायचा. कातडीखालच्या रक्तवाहिन्या स्क्रीनवर दिसतात."

आणि दिसल्या. काळ्या स्क्रीनवर लाल रेघांचं जाळं उमटलं. एक जाडजूड, वळणं घेत गेलेली, बाकीच्या तिला फुटलेल्या. डॉक्टर मलमाबद्दल सांगत होत्या. शेठचं लक्षच नव्हतं.

"हे सगलं माझ्या आत हाय?" त्यांनी स्क्रीनवरच्या जाड रेघेवरून बोट फिरवलं. आपल्या आत काही बघण्यासारखं असेल, असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

फोटो मोबाइलवर घेऊन ते थेट पुतण्याकडे, विकीकडे गेले. विकीचं बॅनरचं दुकान.

"याचाच बॅनर कर. लिव, गावासाठी रक्ताचा थेंब न् थेंब."

"काका, रक्त लिवलं का श्रद्धांजली वाटंल," विकी म्हणाला, आणि त्याने लिहिलं, 'गावाच्या विकासासाठी'. वर हात जोडलेले शेठ, खाली लाल जाळं. बॅनर नाक्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची धोंडूबाई दारात.

"लडकू, यो जाडा रस्ता माझ्या शेतानशी जातो ना?"

"कंचा रस्ता?"

"तुझ्या नकाशानचा. यो तलाव, यो देऊल, न् ही माझी जमीन."

"आगं बाय, तो माझा हात हाय!"

"हातान एवढं रस्तं असतान काय?" धोंडूबाई हसत निघून गेली. तिने गावभर सांगितलं की शेठ बातमी दाबतायत. म्हणजे रस्ता नक्की.

संध्याकाळपर्यंत दलालांच्या गाड्या शिवारात फिरू लागल्या. शेठविरुद्ध एकटेच उभे असलेले पंढरीनाथ रागाने आले आणि खुर्चीत बसताच नरमले.

"रस्ता माझ्या शेताकडं जरासा वलव. मी अर्ज मागं घेतो."

खरं सांगायला शेठनी तोंड उघडलं. मग विचार करून म्हणाले, "वलवू."

शेठ बिनविरोध निवडून आले. पहिल्याच सभेत 'बॅनरवरील आराखड्याप्रमाणे रस्ता व्हावा' असा ठराव झाला. असले कागद सरकारात कोण उघडतो, अशा खात्रीने शेठनी ऐटीत सही ठोकली.

हा कागद उघडला गेला. पावसाळा सरल्यावर मोजणीवाले आले, खुंट्या ठोकत ठोकत शेठच्या अंगणात शिरले आणि बंगल्याच्या भिंतीवर लाल फुली मारली. जाड रेघ दिवाणखान्यातून जात होती.

शेठ बाही वर सारत धावले. "साहेब, हा रस्ता न्हाय! ही माझी नस हाय! नारपोलीच्या डॉक्टरला इचारा!"

तरुण इंजिनिअरने त्यांचा हात धरला. नकाशा शेजारी ठेवला, चष्मा नाकावर सरकवून दोन्ही नीट पाहिले.

"जुळतंय की," तो समाधानाने म्हणाला. "म्हणजे आराखडा बरोबर आहे."

"माझी हरकत हाय!"

"लेखी द्या. सरपंचांच्या शिफारशीनं."

"मीच सरपंच हाय!"

"मग हरकत कशी? ठरावावर सही तुमचीच."

गाव कुंपणापाशी जमलं होतं. पंढरीनाथ तर जेसीबीवाल्याला वाट दाखवत होते. शेठ पायरीवर मटकन बसले. त्यांना वाटलं, निदान एक तरी माणूस म्हणेल की हे चुकतंय. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. विकीने विचारलं, "काका, भूमिपूजनाच्या बॅनरवर फोटो कंचा टाकू?"