कुमक कुठून यावी

पाळीपाळीनं खेळायच्या लढाईच्या खेळात शत्रूची कुमक कुठून आणि कशी यावी, या प्रश्नानं गजालाचं डोकं महिनाभर खाल्लं होतं. किल्ल्याच्या वेढ्याचा अख्खा डाव तिनं एकटीनं रचलेला, आणि तो चाचणीत दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटला तर डाव काढून टाकायचा आणि गजालाला लुडोच्या टीममध्ये बसवायचं, असं सिडकोतल्या त्या छोट्या कंपनीच्या मालकीणबाई तनुजा मॅडमनी तिला अगदी प्रेमानं सांगितलं होतं. लुडोत चार रंग असतात आणि ते आधीच ठरलेले असतात.

पहिल्या वेळी तिनं कुमक कुठूनही आणली. पटावर रिकामं घर दिसलं की तिथं सहा सैनिक हजर. खेळ तपासणारा इंद्रजीत मूळचा सोयगावचा, तसा शांत गडी. त्यानं माउस टेबलावर आपटला.

"ही काय लढाई हाय? मी हत्ती लई जपून आणला, आन् हे जमिनीतनं उगवले!"

दुसऱ्या वेळी कुमक रीतसर किल्ल्याच्या दरवाजातून आली. म्हणजे यायची होती. इंद्रजीतनं दरवाजाच्या घरात एक बैलगाडी लावून ठेवली. घरच भरलेलं, मग कुमक येणार कशी? दोनशे सैनिक आत ताटकळत राहिले आणि इंद्रजीत चहा पीत चाळीस पाळ्या नुसतं 'पुढे' दाबत बसला. जिंकला, आणि जांभई देत म्हणाला, "कंटाळा आला."

रविवारी दुपारी रोशन गेटजवळ तिच्या चुलतभावाचा, अझहरचा, वलीमा, म्हणजे निकाहानंतरची दावत, होती. नान-खलियाचा वास रस्त्यापर्यंत आलेला आणि जेवणारे खुर्च्यांच्या तिप्पट. अशा वेळी जेवणाऱ्याच्या मागं उभं राहून खुर्ची धरायची, ही रीतच. गजालाही एका बाईमागं उभी राहिली, हात बांधून, अदबीनं. बाई उठली आणि खुर्चीत भलतीच कुणी बसली. असं तीनदा झालं.

बिडकीनहून आलेल्या जहांआरा फुफूनं, तिच्या आत्यानं, हे पाहून कपाळावर हात मारला. "अगं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेव! बसलेलीला कळलं पाह्यजे, मागं कुणीतरी हाय. अदबच करत राहिलीस तर कयामतपर्यंत उभी राहशील."

"आणि ती उठलीच नाही तर?"

"नाय उठली तर शेजारच्या खुर्चीवर हात. दावत काय कुणासाठी थांबत नसती."

गजालानं हात ठेवला. बसलेल्या बाईनं मागं पाहिलं नाही, पण तिचे घास मोठे झाले. तिनं शेवटचं नान मागवलं, ताटातली तर्री पुसून घेतली आणि उठली. तिला घाई झाली होती, पण आपल्याला कुणी फसवलं असं काही तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. गजाला बसली आणि जेवायचं सोडून कागदी रुमालावर चौकोन आखू लागली. तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईंनी दोनदा खाकरून पाहिलं.

बुधवारी तिसरी चाचणी झाली. आता कुमक यायच्या एक पाळी आधी किल्ल्याच्या दरवाजावर एक हात दिसायचा. दरवाजा अडवलेला असला तर तो हात शेजारच्या चोरदरवाजावर जायचा.

इंद्रजीतनं सवयीनं बैलगाडी लावली. हात चोरदरवाजावर गेला. त्यानं तो पाहिला, "एका पाळीत काय व्हतंय" म्हणाला, आणि जखमी हत्ती तिथंच उभा ठेवला. पुढच्या पाळीला सहा सैनिक बाहेर आले. हत्ती गेला, पाठोपाठ डाव गेला.

गजालाची नजर माउसवर होती. माउस जागेवरच राहिला.

"चूक माझीच," इंद्रजीत म्हणाला. "हात दिसत व्हता की." आणि त्यानं डाव पुन्हा लावला.

गजालाच्या खेळात आजवर कुणी खुशीनं हरलं नव्हतं.

तनुजा मॅडम केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. लुडोबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी इंद्रजीतच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

इंद्रजीतनं मागं पाहिलं नाही. पण तो पाळ्या भराभर खेळू लागला.