बाहुलीच्या छातीतला खिळा

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. भाकरी थापताना ती मधे येतात, आणि मग मला माझी चेटकीण आठवते.

१९९४ साली मी पेणच्या खाली, खाडीकाठच्या एका वाडीवर शाळामास्तरीण होते. शाळेला लागून खोली होती, तिथे एकटीच राहायचे. वाडी मिठागरात राबणाऱ्यांची. ख्रिस्ती म्हणून मी एकटी, पण नाताळात मी शाळेच्या पडवीत बाहुल्यांचा खेळ करायचे आणि पोरांबरोबर थोरंही येऊन बसायची. गोष्ट मीच रचलेली. एक चेटकीण पोरांचे आवाज चोरून मडक्यात भरते. शेवटी पोरं मडकं फोडतात आणि तिला खाडीत बुडवतात. दर वर्षी तीच. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पोरं मला टोकायची.

चेटकिणीचं डोकं हमरापूरच्या कमळाकरने कागदाच्या लगद्याचं करून लाकडी दांड्यावर बसवलं होतं. जन्मभर गणपती केलेला माणूस. नाक वाकडं केलं, दात पुढे काढले, पण डोळे आखायला बसला तेव्हा हाताला सवय एकच. चेटकिणीला गणपतीचे डोळे आले. "राहू द्या बाई," म्हणाला, "वाईट डोळे माझ्याच्याने होत नाहीत."

आमचे पाळकसाहेब, शमुवेल साळवे, रोह्याला राहायचे. दर रविवारी पेणला उपासना घेऊन दुपारी माझ्याकडे जेवायला यायचे. बाहुली एरवी पेटीत असायची. जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी ती खुंटीवर टांगलेली पाहिली आणि हातातला घास खाली ठेवला.

"मार्थाबाई, हे काय?"

"चेटकीण. पोरांच्या गोष्टीतली."

"शास्त्रात ज्याचा धिक्कार केलाय ते तुम्ही पोरांना खेळायला देता?"

"खेळायला नाही, बुडवायला देते."

ते हसले नाहीत. "माझी आई तापाने फणफणली होती," ते म्हणाले. "गावाने भगत आणला. त्याने तापलेल्या विळ्याने तिला सात डाग दिले. मी पाय धरून बसलो होतो, कारण मला तसं सांगितलं होतं. सातव्या डागाला ती गेली. जादू ही माझ्यासाठी गोष्ट नाही, बाई."

ते बाहुली घेऊन गेले तेव्हा मी अडवलं नाही. वाटलं, जाळतील. त्यांनी मात्र माझ्या दारामागचा हातोडा नेला, बांधावर बसून प्रार्थना केली, बाहुलीच्या छातीतून दांड्यात खिळा ठोकला, आणि ती काळ्या फडक्यात गुंडाळून बांधात पुरली. सैतानाला तिथेच बांधून टाकायचं, असं त्यांच्या मनात. बांधापलीकडे धोंडुबाईची झोपडी आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

धोंडुबाई म्हणजे सत्तरीची विधवा. मीठ ओढून पाठ वाकलेली, जीभ मात्र सरळ. मिठागरात मजुरी मारली की मुकादमाला त्याच्या सात पिढ्यांसकट सुनावायची. तिचे शाप लागतात असं बायका आधीपासून कुजबुजत.

त्या आठवड्यात वाडीतल्या गोविंदाचा तान्हा मुलगा तापाने गेला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेलं मूल.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब जेवत असतानाच बाहेर कल्ला झाला. कुत्र्याने बांध उकरून काळं फडकं ओढून काढलं होतं. मी दारातून पाहिलं. गोविंदाच्या हातात माझी चेटकीण होती, खिळा वर करून तो ती सगळ्यांना दाखवत होता. धोंडुबाईला केसांना धरून शाळेसमोरच्या मैदानात ओढत आणलं होतं.

मी वळले. "साहेब, चला. तुम्ही ठोकलेला खिळा आहे."

ते पांढरेफटक पडले होते. "मला मारतील. मग तुमची खोली, पेणची प्रार्थनेची जागा, सगळं जाळतील. आपण चार घरं आहोत, बाई."

"ती तर एकटी आहे," मी म्हणाले आणि निघाले.

मी पोचेपर्यंत तिच्या तोंडातून रक्त येत होतं. मीठ ओढायच्या लाकडी फावड्याने ते तिच्या पाठीवर मारत होते. कोणीतरी तिच्या डोळ्यांत मूठभर मीठ चोळलं. ती ओरडत नव्हती, शिव्या देत होती, आणि प्रत्येक शिवीला मार वाढत होता.

"गोविंदा, ती बाहुली माझी आहे," मी म्हणाले. "तू पाहिलीस ना नाताळात? पुढे बसून हसत होतास."

"तवा तिच्या छातीत खिळा नव्हता," तो म्हणाला. "बाजूला हो बाई. तुझा मान ठेवतो म्हणून सांगतोय."

मी त्याच्या हातातून बाहुलीचा दांडा हिसकावला आणि चेटकिणीला उभं केलं. घशातून तिचा किनरा आवाज काढला. "कोणाचा आवाज घेऊ गो, कोणाचा आवाज घेऊ?" पडवीत चढून बसलेल्या पोरांनी सवयीने उत्तर दिलं, "मडकं फोडू, तुला बुडवू." दोन-चार जणं हसलीही.

तेच चुकलं. मूल मेलेल्या बापासमोर पोरं हसली. गोविंदाने फावडं उचलून फिरवलं. ते दांड्यावर आणि माझ्या बोटांवर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दुसरा घाव धोंडुबाईच्या डोक्यावर उगारलेला असताना पाळकसाहेब धावत आले आणि तिच्यावर आडवे पडले. तो घाव त्यांच्या खांद्यावर बसला.

"खिळा माझा आहे," ते म्हणाले. "हातोडा बाईच्या दारामागे आहे. फडकं माझ्या छत्रीचं आहे, घरी या, उरलेली छत्री दाखवतो. हिला काही ठाऊक नाही."

त्यांनाही लाथा बसल्या. एक दात पडला. मग जमावातून एक म्हातारा पुढे झाला, बाहुली उचलून खिळा न्याहाळला. "कशाला ठोकलात ओ?"

"सैतान बांधायला."

म्हाताऱ्याने खिळ्यावरून अंगठा फिरवला. "म्हंजे तुमच्यात पण भगत असतात म्हणा."

कोणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांनी मान वर केली नाही. मी त्यांना फार वर्षं ओळखत होते. एवढा वर्मी लागलेला घाव मी दुसरा पाहिला नाही. गोविंदाने फावडं टाकलं आणि तिथेच बसून रडायला लागला. त्याच्या बायकोने येऊन त्याला उठवून नेलं. मैदान रिकामं झालं.

धोंडुबाई जगली. एक डोळा गेला. पोलिसांत तिने कोणाचं नाव घेतलं नाही. मीठ तिथेच ओढायचं होतं.

पुढच्या नाताळात पडवी पुन्हा भरली. बाहुली नव्हती, बोटंही वळत नव्हती, म्हणून मी नुसती गोष्ट सांगितली. पाळकसाहेब दाराशी उभे होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि त्यांनी मला थांबवलं नाही. धोंडुबाई पहिल्यांदाच आली होती, पुढे पाय पसरून बसली होती. पोरांनी मडकं फोडलं, चेटकिणीला खाडीपर्यंत आणलं, आणि माझ्याने पुढे बोलवेना. धोंडुबाईचा तो मिटलेला डोळा समोर होता.

"थांबलीस का गो, बाई?" धोंडुबाई म्हणाली.

मी न वळणारी बोटं पदरात घेतली.

"बुडव की तिला. गोष्टीतली हाय ती."

मी दाराकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी हळूच मान डोलावली. मग पोरांनी आणि मी मिळून तिला बुडवलं.