सात पौंडांची चूक

मित्रांनो, मी एक जुने गटिंगचे यंत्र आहे. टेनिसच्या रॅकेटवर तारा ओढून बसवतात, त्याला गटिंग म्हणतात. माझ्यावर रॅकेट घट्ट अडकवायची, तार चिमट्यात धरायची आणि दांडी फिरवायची. तबकडीवर काटा साठवर लावला, की साठ पौंडांचा ताण येताच दांडी थांबलीच पाहिजे. हेच माझे काम आणि हाच माझा मान.

कारखान्यातून मी थेट टेनिसच्या मैदानाशेजारच्या एका अरुंद दुकानात आले. मालकांना सगळे गटिंगवाले काका म्हणत. त्यांची मुलगी डाव्या हाताने खेळायची, म्हणून तिचे नाव पडले डावरी. शाळेतून आली की दप्तर टाकून ती माझ्यासमोर बसे आणि आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून ओवायला शिके. बोटे हुळहुळत, पण तक्रार नाही.

डावरी मोठी झाली आणि तिने एकापाठोपाठ एक स्पर्धा मारल्या. बाविसाव्या वर्षी ती सर्वांत मोठ्या स्पर्धेची विजेती झाली. त्या रॅकेटच्या तारा माझ्यावरच ओढलेल्या होत्या! "हेच का ते यंत्र?" असे विचारत माणसे दुकानात डोकावत आणि मी मनातून फुगून जाई.

मग दिवस पालटले. डावरीच्या दिमतीला विजेवर चालणारी यंत्रे आली. काकांची नजर अधू झाली, काम कमी झाले. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर रिकामी खोकी रचली गेली आणि ताण मोजणाऱ्या माझ्या स्प्रिंगला गंज चढला.

तिकडे डावरीचेही ग्रह फिरले. तिचे डावे मनगट दुखू लागले. शस्त्रक्रिया झाली, तरी ठणका जाईना. ओळीने नऊ स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत गारद झाली. वर्तमानपत्रांनी तिला निकालात काढले. एका दुपारी ती दुकानात येऊन मटकन बसली.

"बाबा, आता बस झालं. उद्या सगळ्यांना सांगून टाकते."

"सांग की. पण तोवर ती तुटक्या तारांची रॅकेट तेवढी विणून दे. मला आता भोकं दिसत नाहीत."

तिने खोकी हटवली, मला पुसले, सवयीने काटा साठवर लावला. रॅकेट तयार झाल्यावर सहज म्हणून ती मागच्या भिंतीवर चेंडू मारायला गेली, ती तासभर परतलीच नाही.

"बाबा, दुखत नाहीये! काय केलंत तुम्ही?"

"मी कुठे काय केलं? तूच तर विणलीस."

काकांनी वजनाचा काटा माझ्या चिमट्याला अडकवून पाहिला. मी शरमेने अर्धमेले झाले. तबकडी साठ म्हणत होती आणि माझा खरा ताण होता त्रेपन्न!

"सैल तारांनी हाताला हादरा कमी बसतो," काका हसत म्हणाले. "किती वर्षं सांगतोय, पण चॅम्पियन बाईंना साठच पाहिजे!"

"मग याला असंच राहू द्या ना."

"छे गं! उद्या दुसऱ्या कुणाची रॅकेट आली तर? याची स्प्रिंग बदलू, आणि तुझ्यासाठी काटा मुद्दाम त्रेपन्नवर लावू."

तसेच झाले. सैल तारांवरून चेंडू लांब जाई, म्हणून तिला सगळे फटके नव्याने घोटावे लागले. त्यात दीड वर्ष गेले. मग ती पुन्हा त्याच मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. सामना संपल्यावर दुकानातला फोन वाजला. तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा, हरले. तीन तास खेळले आणि हरले. पण मनगट जरासुद्धा दुखलं नाही!"

 काकांनी एका हाताने माझी दांडी घट्ट धरून ठेवली होती.

पुढच्या वर्षी ती जिंकलीसुद्धा. पण मला तो फोन जास्त प्रिय आहे.

आता डावरी मुलांना शिकवते आणि प्रत्येकाला पहिली रॅकेट माझ्यावरच विणायला लावते. मित्रांनो, माझी चूक तिच्या पथ्यावर पडली, हे माझे नशीब. गंज दर वेळी असे उपकार करत नाही. म्हणून आपल्या कामाच्या वस्तूंना अधूनमधून दोन थेंब तेल द्या आणि त्या खरे मोजतात ना, तेही तपासा. काकांनी माझी चूक शोधली, पण ती झाकली नाही आणि मला टाकूनही दिले नाही. एवढे भाग्य प्रत्येक जुन्या यंत्राला लाभो!